प्रकल्प नोंदी: अंघोळीच्या पाण्याचं वीजबिल (नाशिक, हिवाळा २०२४-२५)

जागा: दोन मजली रो-हाऊस, माणसं पाच. गच्चीवर २०० लिटरचा सोलर, ५८ मिमी व्यासाच्या आणि १८०० मिमी लांबीच्या २० काचनळ्या. पहिल्या मजल्यावर २५ लिटरचा गिझर, तळमजल्यावर १५ लिटरचा. बाथरूमच्या गार लाइनला प्रेशर पंप आहे, गरम लाइन मात्र गच्चीवरून नुसत्या उताराने येते. तक्रार एकच: सोलर असूनही दोन्ही गिझर रोज लावावे लागतात.

२४ नोव्हेंबर २०२४

आज काही उघडायचं नाही, फक्त मोजायचं. दोन्ही गिझरना १६ अँपिअरचे प्लग-मीटर लावले. ते खरं सांगतात का, हे मुख्य मीटरवरून ताडून पाहिलं. मुख्य मीटरवर ३२०० पल्स म्हणजे एक युनिट असं छापलंय (प्रत्येक मीटरवर आकडा वेगळा असू शकतो, आधी वाचा). फ्रिजसकट सगळं बंद करून फक्त वरचा गिझर लावला. लाल दिवा १०० वेळा लुकलुकायला ५७ सेकंद लागले, म्हणजे १.९७ किलोवॅट. खालच्याला ६४ सेकंद, म्हणजे १.७६ किलोवॅट. दोन्हींवर २ किलोवॅट लिहिलंय. खालचा मोजला तेव्हा व्होल्टेज २१५ होतं, फरक त्याचाच. व्होल्टेज कमी असलं की पाणी तापायला वेळ जास्त लागतो, युनिटं तेवढीच जातात.

हिशेबाचा पाया: एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि ८६० किलोकॅलरींचं एक युनिट होतं. टाकीतलं पाणी सकाळी २० अंश. विसण घालून अंघोळीजोगं, म्हणजे ४० अंशाचं, १८ लिटरच्या बादलीभर पाणी करायचं तर १८ × २० = ३६० किलोकॅलरी, ०.४२ युनिट. शॉवरचा झोत बादली आणि घड्याळ घेऊन मोजला: मिनिटाला ९ लिटर. सात मिनिटांचा शॉवर म्हणजे ६३ लिटर, १.४७ युनिट. एका शॉवरमध्ये साडेतीन बादल्या.

३० नोव्हेंबर

सहा दिवसांची सरासरी: दोन्ही गिझर मिळून रोज ६.० युनिट.

तीन बादल्या आणि दोन शॉवर यांचा हिशेब ४.२ युनिटांचा होतो. बेसिन आणि भांड्यांसाठी अर्धं युनिट सोडलं तरी १.३ युनिट उरतात. ती कुठे जातात हे पाहायला काल शेवटच्या अंघोळीनंतर गिझर रोजच्यासारखा चालू ठेवला, कटआउट पडल्यावर (पाणी तापून वीज आपोआप तुटल्यावर) बंद केला आणि २० तासांनी पाणी काढून पाहिलं. २५ लिटरच्या गिझरमध्ये ६० अंशाचं पाणी ३४ वर आलं होतं. २५ × २६ = ६५० किलोकॅलरी, पाऊण युनिट. खालच्या गिझरमध्ये अर्धं.

म्हणजे शेवटचा माणूस अंघोळ करून बाहेर पडतो, त्यामागे गिझर पुन्हा टाकीभर पाणी उकळतो, आणि ते पाणी दिवसभर बाथरूमच्या भिंतीला ऊब देत बसतं. उपाय फुकटाचा आहे. शेवटचा माणूस आत शिरायच्या आधी बटण बंद. २५ लिटर ६० अंशाचं पाणी असेल तर विसण घालून ३५ ते ४० लिटर अंघोळीचं पाणी निघतं. दोन बादल्या होतात. आजपासून लागू.

थर्मोस्टॅट ६० वरून ५० वर आणावा असा सल्ला सर्रास दिला जातो. इथे तसं केलं नाही. गिझर चोवीस तास चालू असेल तर त्याने थोडा फायदा होतो, दिवसातून दीड तास चालणाऱ्याला जवळजवळ काहीच नाही. शिवाय साठवलेलं कोमट पाणी लिजिओनेला जिवाणूला मानवतं, म्हणून साठवणीचं तापमान ६० ठेवायला सांगतात. तेव्हा बटणाची वेळ बदलायची, थर्मोस्टॅटला हात लावायचा नाही.

१ डिसेंबर

सोलरकडे मोर्चा. काल संध्याकाळी पाचला टाकीत ४६ अंश, आज सकाळी सहाला ३१. धडधाकट इन्सुलेशन असलेल्या टाकीत रात्रीत चार-पाच अंश उतरतात. इथे १५. २०० लिटरचे १५ अंश म्हणजे साडेतीन युनिटांची ऊब एका रात्रीत गायब, तीही कुणी नळ न उघडता. टाकीचा पत्रा बाहेरून चाचपला तर सगळीकडे सारखाच गार, म्हणजे आतलं पफ (ऊब धरून ठेवणारा फोम) ओलं होऊन बसलेलं नाही. दोष दुसरीकडे असणार.

दिशाही तपासून घेतली. नाशिकला आजच्या तारखेला सूर्य माथ्यावरच्या रेषेत १२ वाजून २४ मिनिटांनी येतो. त्या क्षणी ओळंब्याची सावली नेमकी उत्तर-दक्षिण पडते. होकायंत्रापेक्षा हे बरं, कारण गच्चीवरच्या सळया होकायंत्राला चकवतात. स्टँड दक्षिणेपासून आठेक अंश पूर्वेला आहे, चालेल. उतार ३० अंश. नाशिक २० अक्षांशावर. हिवाळ्यासाठी त्यात १० ते १५ मिळवायचे, म्हणजे हाही ठीक.

सावली: डिसेंबरात दुपारच्या सूर्याची उंची ४६-४७ अंश असते, तेव्हा अडथळ्याची सावली साधारण त्याच्या उंचीएवढी पडते. सकाळी साडेनऊला ती जवळपास दुप्पट होते. शेजारचा जिना ३ मीटर उंच आणि ७ मीटर दूर. सुटलो.

२ डिसेंबर, रात्र

चोर सापडला. रात्री ११ ते साडेअकरा, घरात एकही नळ उघडा नाही, तरी प्रेशर पंप नऊ वेळा सुरू झाला. पाणी कुठेतरी जातंय, आणि जमिनीवर नाही.

चाचणी अशी: गच्चीवर सोलरला गार पाणी देणारा बॉल व्हॉल्व्ह बंद केला आणि तळमजल्यावरचा गरम नळ सोडला. सोलरची गरम पाण्याची तोटी टाकीच्या वरच्या अंगाला असते. आत नवं पाणी येत नसेल तर पातळी तोटीखाली जाते, हवेच्या नळीतून हवा शिरते आणि पाइपातलं पाणी संपलं की धार थांबते. इथे चार मिनिटांनीही धार जोरात, आणि पाणी गार. म्हणजे गार लाइनचं पाणी कुठल्यातरी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये घुसतंय.

मग एकेका मिक्सरचे अँगल कॉक बंद करत गेलो. पहिल्या मजल्यावरच्या वॉल मिक्सरचे बंद केल्यावर धार आटली. त्या मिक्सरला हँड शॉवर आहे आणि त्याच्या दांड्यावर बटण. घरातले पाणी त्या बटणाने बंद करतात, मिक्सरच्या दोन्ही चाव्या थोड्या उघड्याच राहतात. बटण बंद असलं तरी मिक्सरच्या पोटात गार आणि गरम वाटा एकमेकींना मिळालेल्या असतात. गार बाजूला पंपाचा दाब, गरम बाजूला नुसता गच्चीचा. गार पाणी गरम लाइनमधून उलटं वर चढतं, सोलरच्या टाकीत वरून शिरतं आणि टाकीतलं ऊन पाणी गार पाण्याच्या नळीतून ओव्हरहेड टाकीत ढकलतं. रात्रभर, थोडं थोडं.

पंप नसलेल्या घरात दोन्हीकडे दाब सारखा असतो, तिथे ही खोडी सहसा दिसत नाही. पंप बसवल्यावर सोलर ‘बिघडला’ असं कुणी म्हणालं तर आधी हेच पाहा.

७ डिसेंबर

मिक्सरच्या गरम तोंडाला एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. पहिला आणला तो स्प्रिंगचा निघाला आणि फसला. पहिल्या मजल्यावर गरम लाइनला जेमतेम तीन मीटरचा दाब (म्हणजे तेवढ्या उंचीवरच्या पाण्याचा). त्यातला बराचसा स्प्रिंग उघडण्यातच खर्ची पडला आणि शॉवरची धार करंगळीएवढी झाली. तो काढून झडपेचा आणला. हा आडव्या पाइपातच बसवायचा, बाण मिक्सरकडे, झाकण वर. वाकडा बसला तर झडप पूर्ण मिटत नाही.

शिवाय हँड शॉवरचं दांड्यावरचं बटण काढून टाकलं. आता पाणी बंद करायला चाव्याच फिरवाव्या लागतात. एनआरव्हीच्या झडपेखाली क्षाराचा खडा अडकला की ती गळते, तेव्हा एकट्या एनआरव्हीच्या भरवशावर राहणं बरोबर नाही.

रात्री अर्धा तास पंपाकडे कान लावून बसलो. एकदाही सुरू झाला नाही.

९ डिसेंबर

संध्याकाळी ५१, सकाळी ४७.

१५ डिसेंबर

काचनळ्या. नळीच्या बुडाशी चांदीसारखा चकचकीत लेप असतो, बेरियमचा. आतली निर्वात पोकळी फुटली की तो दुधासारखा पांढरा होतो. अशा तीन निघाल्या. त्या गळत नाहीत, दिसायला धडधाकट असतात, पण दिवसा मिळवलेली ऊब परत हवेला देत राहतात.

बदलायचं काम पहाटे साडेपाचला घेतलं आणि ऊन यायच्या आत उरकलं. याला कारण आहे. रिकामी नळी दहा मिनिटं उन्हात राहिली तरी आतून भलतीच तापते, तिच्यात गार पाणी पडलं की तडकते. उशीर झालाच तर नळ्यांवर जाड चादर टाकावी आणि पाणी दुसऱ्या दिवशी पहाटे भरावं.

क्रम:

१. गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद, ड्रेन उघडून टाकी रिकामी. त्याआधी हवेची नळी फुंकून पाहिली. ती तुंबलेली असताना टाकी रिकामी केली तर आत निर्वात होऊन आतला पत्रा चेपतो.

२. नळीचं बूड कपातून मोकळं करून नळी पिळत पिळत, सरळ रेषेत बाहेर. तिरकी ओढली की मान तुटते.

३. सिलिकॉनची रिंग नवी. जुनी चांगली दिसली तरी एकदा चेपलेली रिंग पुन्हा धरत नाही.

४. नवी नळी साबणाच्या पाण्याने ओली करून पिळत आत. तेल किंवा ग्रीस लावू नये, रिंग फुगते.

उरलेल्या १७ पैकी दोन-तीन नळ्या तिरक्या करून पाहिल्या तर बुडाशी चार बोटं पांढरी भुकटी. बोअरच्या पाण्याचा क्षार. सगळ्या काढून धुतल्या. काचनळ्यांचं हे एक बरं आहे, क्षार भुकटी होऊन तळाशी बसतो आणि धुता येतो. तांब्याच्या नळ्यांचा सपाट पॅनेलवाला सोलर असता तर अर्धा इंची नळ्या आतून तुंबल्या असत्या आणि अ‍ॅसिड फिरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बोअरचं पाणी असेल तर म्हणूनच सपाट पॅनेल टाळावं.

१७ डिसेंबर

संध्याकाळी ५६, सकाळी ५२. बाहेर पहाटे कडाक्याची थंडी होती, तरी.

आता टाकीत पाणी कढत आहे आणि तळमजल्यावर तरीही गिझर लागतोय. कारण तिथे नळ सोडल्यावर ४० अंशाचं पाणी यायच्या आधी १२ लिटर गार पाणी वाहून जातं. थंडीत दोन मिनिटं कुडकुडत कोण थांबणार.

२२ डिसेंबर

पाइपाचा हिशेब. गच्चीपासून तळमजल्याच्या बाथरूमपर्यंत १७ मीटर एक इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप), पुढे ३ मीटर पाऊण इंची. एक इंचीचा आतला व्यास साधारण २३.४ मिमी, मीटरला ०.४३ लिटर मावतं. पाऊण इंचीचा १८.२ मिमी, मीटरला ०.२६. एकूण पाइपाच्या पोटात आठ लिटर. प्रत्यक्षात १२ वाहतात, कारण पाइपाची भिंतही तापावी लागते आणि पुढचं पाणी मागच्यात मिसळतं.

प्लंबर लोक ‘मोठा पाइप, जास्त पाणी’ म्हणून सगळीकडे एक इंची टाकतात. वरच्या मजल्याला, जिथे दाब तीन मीटरचाच, ते योग्य. खाली सहा-सात मीटर दाब मिळतो, तिथे पाऊण इंची पुरतो. खालच्यासाठी स्वतंत्र पाऊण इंची लाइन गच्चीपासून टाकली: १७ मीटर पाइप, ६ एल्बो, १ टी, २ बॉल व्हॉल्व्ह, १ युनियन. सॉल्व्हंट सीपीव्हीसीचंच घ्यायचं, पांढऱ्या यूपीव्हीसीचं चालत नाही. पाइप कापल्यावर कड आतून घासायची. पाणी सोडायला आम्ही दुसरा दिवस उजाडू दिला; थंडीत सांधा उशिरा वाळतो.

नव्या लाइनवर मोजलं: १२ लिटरऐवजी ७.

२५ डिसेंबर

लाइनला १३ मिमी जाडीची काळी नायट्राइल रबरची नळी. उघड्यावर ती उन्हाने दोन-तीन वर्षांत भेगाळते, म्हणून वरून अ‍ॅल्युमिनियम टेप. एल्बोवर ४५ अंशात कापून जोडली. बहुतेक ठिकाणी एल्बो उघडेच सोडतात.

यातून काय अपेक्षा धरायची तेही लिहून ठेवतो. उघड्या पाइपातलं पाणी वीस-पंचवीस मिनिटांत अर्धी ऊब घालवतं. या गुंडाळीने तो वेळ तासाच्या वर जातो. म्हणजे एकामागून एक होणाऱ्या अंघोळींना फायदा. सकाळच्या पहिल्या माणसाला काडीचाही नाही, कारण रात्रभरात गुंडाळलेला पाइपही गार होतोच. पाच जणांनी तासाभरात आटोपलं तर गार पाणी एकदाच सोडावं लागतं.

२७ डिसेंबर

ढगाळ. सोलर ३८. गिझर लागले, ३.२ युनिट.

२९ डिसेंबर

खालचा गिझर सोलरच्या पुढे मालिकेत जोडला: सोलरची लाइन आता गिझरच्या गार तोंडात जाते आणि गिझरमधून नळाला. पाइपातलं सुरुवातीचं सात लिटर गार पाणी वाहून न जाता गिझरमध्ये शिरतं, आणि नळाला पहिल्या मिनिटापासून गिझरचं ऊन पाणी मिळतं. तोवर मागून सोलरचं पोचतं. गिझर सकाळी २० मिनिटंच लावायचा, पहिल्या अंघोळीपूर्वी बंद. टायमर १६ अँपिअरचा. ६ अँपिअरचा लावला तर संपर्क जळतो.

तीन बॉल व्हॉल्व्ह: एक गिझरच्या आत जाणाऱ्या वाटेवर, एक बाहेर येणाऱ्या, एक दोन्हींना वळसा घालणाऱ्या वाटेवर. बाहेरच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह बंद असताना गिझर कधीच लावू नये. त्याचं हँडल काढून खिळ्याला टांगलंय. गिझरच्या तोंडाशी असलेला सेफ्टी व्हॉल्व्ह तापताना थोडा ठिबकतो. तो ठिबकायलाच हवा. गळती समजून बूच मारणारे आहेत, टाकी फुटते.

गिझरच्या पत्रकात आत येणाऱ्या पाण्याचं कमाल तापमान दिलेलं असतं, जोडण्याआधी ते बघावं.

५ जानेवारी २०२५

दोन्ही गिझरची सफाई. एमसीबी पाडून, टेस्टरने खात्री करून, पाणी काढलं. खालची तबकडी पाच बोल्टांची. वरच्या गिझरमधून सव्वा किलो क्षाराचे खपले निघाले. कॉइल काढून लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिडच्या कोमट पाण्यात दोन तास बुडवली. टाकीच्या आत काचेचा लेप असतो, तिथे स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही. खपले हाताने आणि पाण्याच्या झोताने. मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड झिजून नुसती तार उरली होती, बदलला. तो संपला की गंज टाकीला धरतो. गॅस्केट नवं, बोल्ट समोरासमोरचे आवळत गेलो. नळातून हवा जाऊन सलग धार येईपर्यंत बटण लावायचं नाही. कोरडी कॉइल काही सेकंदांत जळते.

क्षारामुळे गिझरचं बिल वाढतं असं जिथे-तिथे सांगतात. फारसं वाढत नाही. कॉइल पाण्यातच बुडालेली, तिची ऊब दुसरीकडे जाणार कुठे? क्षाराच्या आवरणात कॉइल स्वतः जास्त तापते आणि लवकर जळते, टाकीत पाणी कमी मावतं, तोटा तो. सफाई करायची ती कॉइल आणि टाकी वाचवायला.

शॉवरमध्ये रबरी चकती बसवून झोत ९ वरून ६ लिटरवर. पंपाच्या दाबामुळे धार बोचरी राहते, कुणाच्या लक्षात आलं नाही.

१२ जानेवारी

गॅस गिझरचा प्रश्न पुन्हा निघाला, म्हणून आकडे. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांएवढी ऊब. जानेवारी २०२५ मध्ये सिलिंडर सुमारे ८०० रुपयांना होता. गिझर ८० टक्के ऊब पाण्याला देतो असं धरलं तर युनिटमागे साडेपाच रुपये. वीज १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्यात, वहन आकार आणि १६ टक्के शुल्क धरून, तेव्हा तेरा रुपयांच्या थोडी वर होती. म्हणजे गॅस तेव्हा निम्म्याहून स्वस्त होता. तरीही नाही: दोन्ही बाथरूमना बाहेरची भिंत नाही, खिडकी डक्टमध्ये उघडते. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरच्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात, वासही येत नाही. बाहेर ड्राय बाल्कनीत जागा असती तर वेगळा विचार केला असता.

२ फेब्रुवारी

जानेवारीची सरासरी: रोज १.१ युनिट. स्वच्छ दिवशी ०.६, ढगाळ दिवशी तीनच्या आसपास. नोव्हेंबरच्या ६.० मधून वजा करता महिन्याला १४७ युनिट, १,९५० रुपयांच्या आसपास. सगळ्यात मोठा वाटा एनआरव्ही आणि काढून टाकलेल्या बटणाचा.

वरचा गिझर आता आठवडा-आठवडा बंद असतो. लावायचा झाल्यास आधी नळ सोडून साचलेलं पाणी काढायचं, मग पूर्ण ६० अंशांपर्यंत तापवून वापरायचं.

९ मार्च

सोलर ७४ अंशांवर. खालचा गिझर वळशाच्या वाटेने बाजूला काढला, टायमर बंद. मिक्सरची गार चावी आधी, गरम नंतर, असं बाथरूमच्या दाराला आतून लिहून लावलं. एप्रिलपासून वीसपैकी आठ नळ्यांवर पांढरं कापड बांधायचं; हवेच्या नळीतून वाफ यायला लागली की वाट न पाहता लगेच.